सोयाबीनची वाळवलेली वैरण तापते, बुरसते, गाय काड्या टाकते: तपासणी कुठून सुरू करावी

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारपाजारचं कुणी ना कुणी निरोप पाठवतं, "ताई, जरा गंजी बघून जा." गंजी म्हणजे रचून ठेवलेल्या वैरणीचा ढीग. तक्रारी ठरलेल्या असतात.

– गंजी घालून आठ-दहा दिवस झाले की आत हात घातल्यावर ऊब लागते. पहाटे गारव्यात वरून वाफ निघताना दिसते.
– पेंढी सोडली की पांढरट-करडा धुरळा उडतो. नाकाला कोंदट, बुरसट वास येतो.
– वैरण तपकिरी पडली आहे आणि तिला तंबाखूसारखा किंवा करपलेल्या गुळासारखा वास येतो. गंमत म्हणजे अशी वैरण जनावर कधीकधी आवडीने खातं, म्हणून माणूस फसतो.
– बुरशी नाही, वास नाही, पण गव्हाणीत पडतात त्या नुसत्या काड्या. पानांचा चुरा शेतातच राहिला.
– गाय शेंगा आणि पानं वेचून खाते, खोडं पायाखाली घेते.
– शेण पातळ होतं, दूध उतरतं, क्वचित डावी कूस फुगते.

हे सगळं मळणीनंतर उरणाऱ्या गुळीबद्दल नाही. विदर्भात तिला कुटार म्हणतात. तिच्यात प्रथिनं जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असतात, ती पोट भरायला ठीक. मी बोलतेय ते हिरवं सोयाबीन शेंगांसकट कापून, वाळवून ठेवलेल्या वैरणीबद्दल. योग्य वेळी कापलं आणि पान राखलं तर तिच्यात १६ ते २० टक्के प्रथिनं मिळतात, म्हणजे जवळजवळ लसूणघासाची बरोबरी. म्हणूनच ती बुरसली की जीव हळहळतो.

आमच्याकडे लातूर भागात सोयाबीन कुणी वैरणीसाठी मुद्दाम पेरत नाही. ही वेळ येते पाऊस दगा देतो तेव्हा. २०२३ चा ऑगस्ट आठवत असेल. १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आमच्या माळाच्या तुकड्यात फुलं गळाली आणि शेंगा लागल्या त्या चपट्या. मळणीचा खर्चही निघणार नव्हता, दावणीला मात्र आठ जनावरं होती. एक एकर कापलं, तीन दिवस वाळवलं. पानं कुरकुरीत झाली तशी गंजी घालून ताडपत्रीने आवळली. अकराव्या दिवशी कोपरा उचलला तर ताडपत्रीच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत होतं. कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. मधली सगळी वैरण काळपट, एकमेकींना चिकटलेली. निम्मी गंजी उकिरड्यावर गेली.

चूक एकच होती: मी पानाकडे बघून गंजी घातली होती. त्यानंतर दुसऱ्यांच्या जेवढ्या गंज्या उघडल्या, त्यातल्या बहुतेकांत हेच निघालं. सोयाबीनचं पान दीड-दोन दिवसांत वाळतं. खोड जाड, वरून मेणचट, आत भेंड. त्याला चार-पाच दिवस लागतात, ढगाळ असेल तर जास्त. गंजी दाबली की खोडातलं पाणी पानात उतरतं, बुरशीला आयतंच फावतं आणि तिच्या श्वासानेच गंजी तापते. उलट खोड वाळेपर्यंत उन्हात ठेवावं तर पान झडतं. तापलेली गंजी आणि नुसत्या काड्या या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण दोन्हींचं मूळ याच फरकात आहे. अमेरिकेत १९४० पर्यंत सोयाबीन दाण्यापेक्षा चाऱ्यासाठी जास्त पेरलं जायचं, दाण्याचं क्षेत्र पहिल्यांदा वर गेलं ते १९४१ मध्ये. तिकडच्या शेतकऱ्यांनाही याच जाड खोडाने छळलं. आपल्याकडे त्यात परतीच्या पावसाची भर.

आता तपासणी. फुकटातल्या गोष्टी आधी घेते.

नाक आणि हात

तोंडाला ओला रुमाल बांधा आणि वाऱ्याकडे पाठ करून गंजीच्या मधल्या उंचीवर हात घाला. वरचा थर काही सांगत नाही, तो वाऱ्याने कोरडाच असतो. चांगल्या वैरणीला वाळल्या घासाचा किंचित गोडसर वास येतो. हाताला ऊब लागली आणि गंजी घालून पंधरा दिवसही झाले नसतील तर घाबरू नका, थोडी ऊब प्रत्येक गंजीला येते. पण ती रोज वाढतेय का ते बघायचं. सलग तीन दिवस, एकाच वेळी, एकाच जागी हात घाला. कमी होत असेल तर गंजी आपोआप निवेल. वाढत असेल तर पुढचं सगळं वाचा.

रुमालाचं मनावर घ्या. बुरशीचा धुरळा माणसाच्या फुप्फुसात बसतो. संध्याकाळी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला सुरू होतो आणि आपण वातावरणाला दोष देत बसतो.

खोड नखाने खरवडा

ही सगळ्यात मोलाची तपासणी, आणि ती गंजी घालण्याआधीची आहे. ढिगाच्या खालून दहा काड्या उपसा. प्रत्येक काडीच्या बुडाकडे, मुळापासून चार बोटं वर, नख लावून साल ओढा. साल पापुद्र्यासारखी सुटून आली आणि खाली ओलसर हिरवं दिसलं तर अजून ऊन पाहिजे. नखाने नुसता ओरखडा पडतो, साल सुटत नाही, काडी वाकवल्यावर कट्‌ करून मोडते, मग वाळली म्हणायची. दहातल्या दोन काड्यांची साल जरी सुटली तरी मी थांबते.

शेंडा तपासून उपयोग नाही. शेंडा पानाबरोबर वाळतो.

मिठाची बरणी

नखावर भरवसा बसेपर्यंत ही करा. काचेची कोरडी बरणी घ्या. वैरण कात्रीने बोटभर तुकडे करून अर्धी बरणी भरा, त्यात खोडं भरपूर आली पाहिजेत. तव्यावर परतून गार केलेलं मीठ एक मोठा चमचा टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ मोकळं खुळखुळलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या आत आहे. मिठाचे खडे झाले किंवा ते काचेला चिकटलं तर ओलावा त्याहून जास्त. मीठ न परतता टाकलं तर पावसाळी हवेत ते आधीच ओलं असतं आणि उत्तर चुकतं.

नेमका आकडाच हवा असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर १०० ग्रॅम वैरण मोजा. मायक्रोवेव्हमध्ये शेजारी पाण्याची वाटी ठेवून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने वाळवत आणि मोजत राहा. वजन उतरायचं थांबलं तिथे थांबा. ८२ ग्रॅम उरली तर ओलावा १८ टक्के. सैल गंजीला कोरड्या हवेत १८ चालून जातात, आमच्या सप्टेंबरात नाही. बेलरने घट्ट गठ्ठे बांधायचे असतील तर १५ च्या वर जाऊच नका, घट्ट गठ्ठ्यातून वाफ बाहेर पडत नाही.

गंजीची जागा आणि झाकण

वैरण नीट वाळलेली असूनही बुरसते तेव्हा पहिल्यांदा बूड बघा. खालचा वीतभर थरच काळा असेल तर ओल जमिनीतून आली आहे. बाभळीच्या फांद्या, पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) किंवा जुने लाकडी पॅलेट टाकून गंजी जमिनीपासून वीतभर तरी उचला. पऱ्हाट्या आमच्याकडे फुकट मिळतात आणि त्यांच्या फटीतून हवा खेळते.

वरचा थर ओला आणि मधला कोरडा असेल तर दोष ताडपत्रीचा. गळते तरी आहे किंवा घाम धरतेय. नव्या गंजीला ताडपत्री आवळून बांधायची नाही. मधोमध आडवा बांबू देऊन छपरासारखी टाकायची, दोन्ही टोकं उघडी ठेवायची. पाऊस थांबला की काढायची. काम कंटाळवाणं आहे, पण पहिले तीन आठवडे टाळू नका, कारण गंजी तापते ती याच काळात.

मीठ पेरायची जुनी पद्धत बरेच जण विचारतात. थोडी मदत होते, पण ओली वैरण मिठाने वाचत नाही.

काड्याच उरतात तेव्हा: पालटायची वेळ

कडबा जसा भर दुपारी उलटापालटा करतो तसंच सोयाबीनचं करायला गेलं की पान गेलंच. अर्ध्याहून अधिक ओल उडाली की देठ ठिसूळ होतो आणि काठी लागली तरी पान सुटतं. वैरणीतली प्रथिनं मुख्यतः पानात आणि शेंगेत असतात. खोड राहिलं म्हणजे गुळीच्याच भावाचा माल राहिला.

पालटायचं ते सकाळी, दव अंगावर असताना. पान तेव्हा नरम असतं. आमच्याकडे सातला सुरू करून नऊच्या आत संपवतो. हात लावून पान चुरलं तर त्या दिवशी पालटणं बंद. वाहून आणायचं तेही सकाळीच, फक्त दव उडून गेल्यावर आणि पान कडक व्हायच्या आधी. ती मधली तास-दीड तासाची वेळ सापडायला एक हंगाम जातो.

त्याहून चांगला उपाय तिवईचा. तीन बांबू वर बांधायचे, मध्ये दोन आडव्या काठ्या द्यायच्या. एक दिवस जमिनीवर सुकवलेलं सोयाबीन त्यावर सैल टाकायचं, शेंडे खाली करून. खालून वारा लागतो, खोड वाळतं, पान सावलीत राहिल्याने हिरवं टिकतं आणि झडलं तरी तिवईखालच्या पोत्यावर सापडतं. मजुरी वाढते. एकरभरासाठी परवडतं, पाच एकरांसाठी नाही.

कापणीची वेळ

ही तपासणी या वर्षी उपयोगाची नाही, पुढच्या वर्षीची आहे. वरच्या पेऱ्यावरची शेंग उघडा. दाणा हिरवा, पण शेंगेची पोकळी भरलेली, आणि झाडाची अगदी खालची पानं नुकती पिवळी पडू लागलेली असली की ती वेळ. तेव्हा वजन भरपूर मिळतं आणि पानही अंगावर असतं. आठवडा-दहा दिवस उशीर झाला की पानं आपणहून गळतात, मग कितीही जपून पालटा.

अडचण अशी की जेएस-३३५ सारखं ९५ ते १०० दिवसांचं वाण जूनअखेर पेरलं तर ही वेळ सप्टेंबरच्या मध्यावर येते. हवा दमट, सकाळी दव, केव्हाही सर. म्हणून कापायच्या आधी पुढच्या पाच दिवसांचा हवामान अंदाज बघा. सलग चार उन्हाचे दिवस दिसत नसतील तर वाळवायचा नाद सोडा आणि मुरघास करा. एक दिवस सुकवून कुट्टी करा, एक भाग सोयाबीनला दोन भाग हिरवा मका मिसळा, दाबून हवा काढा आणि किमान ४५ दिवस बंद ठेवा. नुसत्या सोयाबीनचा मुरघास घाण वास मारतो. त्यात साखर कमी असते, आंबट व्हायला जी साखर लागते ती मक्यातून येते. पावसाने भिजलेल्या वैरणीच्या मागे चार दिवस पळण्यापेक्षा हे सोपं.

शेंगाच लागल्या नसतील तर दाण्याची वाट बघू नका, पानं टिकून आहेत तोवर कापा. आणि पीक विमा उतरवला असेल तर आधी भरपाईचे सध्याचे नियम विचारून घ्या, पाहणी लागत असेल तर ती होऊ द्या, मग विळा लावा. मोकळ्या रानाचा पंचनामा कुणी करत नाही.

गव्हाण: खोडं टाकते, पोट बिघडतं

वैरण चांगली असूनही गाय खोडं टाकते, कारण ती खरोखरच कडक असतात. फुले संगमसारख्या दणकट वाढणाऱ्या वाणाचं तर विचारूच नका. कडबा कुट्टीच्या यंत्रावर बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा आणि ज्वारीच्या कडब्याच्या कुट्टीत मिसळा. निवड करायला वावच उरत नाही. तरी थोडं टाकतील, ते धरूनच हिशोब करा.

भरल्या दाण्याची वैरण असेल तर दाण्यातलं तेल विसरू नका. पोटात तेल जास्त झालं की कडबा पचवणारे जिवाणू मंदावतात, शेण पातळ होतं, दुधाचं फॅट हलतं. मी कोरड्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जात नाही आणि सुरुवात मूठ-मूठ वाढवत आठ-दहा दिवसांत करते. उपाशी जनावरापुढे ती कधीच टाकत नाही, आधी कडबा.

इथे एक गोष्ट ठळक सांगते. कच्च्या सोयाबीनच्या दाण्यात युरिएज नावाचं विकर असतं, ते युरियाचा झपाट्याने अमोनिया करतं. त्यामुळे युरिया प्रक्रिया केलेला चारा, युरिया-गुळाची चाटण वीट, युरिया घातलेलं खाद्य यांतलं काहीही शेंगांच्या सोयाबीन वैरणीबरोबर देऊ नका. दुष्काळात दोन्ही एकाच गोठ्यात असतात, म्हणून हा धोका खरा आहे.

पेंढ्या सोडताना तणही बघा. गाजरगवत आलं तर दुधाला कडवट वास येतो. धोतरा, घाणेरी सरळ विषारी. बांधावरच्या ज्वारीचे कोवळे फुटवे हिरवे असताना आले तर किराळ लागायची, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा व्हायची भीती. वाळवलेल्या वैरणीत ते तण ओळखू येत नाही, म्हणून कापायच्या आधी रानात एक फेरी मारा.

फवारणीची वही

ही तपासणी सोपी असूनही शेवटी लिहितेय, कारण इथे लोक सगळ्यात जास्त मला समजावू बघतात. तणनाशक आणि कीटकनाशक मारलेलं सोयाबीन दाण्यासाठी ठीक असतं, तेच हिरवं कापून जनावराला चालेल असं नाही. कितीतरी औषधांच्या लेबलवर चारा म्हणून वापरू नये असं स्पष्ट असतं आणि दाण्यासाठी दिलेला प्रतीक्षा काळ हिरव्या पानाला लागू पडत नाही. डबा फेकला असेल तर दुकानदाराकडून नाव घ्या, लेबल शोधा, कृषी विज्ञान केंद्रात विचारा. परवानगी लिहिलेली सापडली नाही तर ते सोयाबीन दावणीला नको. वाळवल्याने औषध उडून जातं हे मी मानत नाही. गाभण गाय आणि घरातलं दूध, दोन्ही पणाला लागतं. त्या रानाचं हिरवळीचं खत करा.

तापलेली गंजी: सळईने मोजणं

इथून पुढे काम जोखमीचं आहे. लांब लोखंडी सळई गंजीच्या पोटात खुपसा, वीस मिनिटांनी ओढा आणि आतलं टोक लगेच हातात धरा. सहज धरवली तर रोज बघत राहा. गरम लागून थोडा वेळच धरवत असेल, म्हणजे ५० अंशांच्या आसपास, तर दिवसा, वारा नसताना, पाण्याची टाकी शेजारी ठेवून गंजी उलगडा आणि पसरा. बुरशी नसलेला भाग वेगळा काढा, बाकीचा खतात. बुरशी लागलेला भाग झटकून, उन्हात घालून, चांगल्यात मिसळून देऊ नका. बुरशी दिसेनाशी होते, तिचं विष राहतं आणि गायीच्या पोटातून दुधात उतरतं. दुधात उतरणाऱ्या या विषाची, अफलाटॉक्सिन एम-१ ची, मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, यावरून ते किती थोडं पुरतं ते समजा.

इथे थांबा, माणूस बोलवा

सळई हातात धरवत नसेल, करपल्याचा वास येत असेल किंवा गंजीचा माथा मध्येच खचला असेल तर गंजी उघडू नका आणि तिच्यावर चढू तर मुळीच नका. आत पोकळी जळत असते, माणूस तिच्यात जातो. ७० अंशांच्या पुढे गेलेल्या गंजीला हवा मिळाली की ती पेट घेऊ शकते. जनावरं सोडून लांब बांधा, ११२ ला फोन करून अग्निशमन दल मागवा, त्यांच्यासमोरच ती उघडली जाऊ द्या. गंजी गेली तरी चालेल.

डावी कूस फुगून टणक झाली, जनावर धापा टाकतंय, लाळ गळतेय, थरथरतंय, अडखळतंय, तर घरगुती उपाय करत बसू नका. सोयाबीनची वैरण समोरून काढा आणि १९६२ या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. युरिया आणि सोयाबीन एकत्र गेलं असेल तर अर्धा तासही मोठा असतो, हे फोनवरच सांगा. दूध अचानक निम्म्यावर आलं, एकापेक्षा जास्त गाई एकाच आठवड्यात गाभडल्या, वासरं सुकत चालली, तरी डॉक्टर हवेच. बुरशीचा त्रास हळूहळू चढतो आणि आपण त्याला दुसरंच नाव देत राहतो.

वैरण तपासून घ्यायची असेल तर आमच्या भागात उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बुरशीच्या विषाची तपासणी कुठे करून मिळेल ते तिथे आधी फोनवर विचारा. नमुना गंजीच्या आठ-दहा जागांवरून घ्या, एक किलोच्या आसपास, आणि कागदी पिशवीत न्या. प्लास्टिकच्या पिशवीत तो वाटेतच आणखी बुरसतो. बरोबर एका चिठ्ठीवर कापणीची तारीख, शेवटच्या फवारणीची तारीख, औषधाचं नाव आणि रोज किती किलो घालत होता ते लिहून द्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.